उंबऱ्यावरचा आडू

मागच्या महिन्यात चैत्र संक्रांतीच्या दिवशी सकाळी साडेसहाला बाहेर कुजबुज ऐकू आली म्हणून दार उघडलं, तर पायरीवर पाच पोरं उभी, प्रत्येकाच्या हातात रिंगाळची म्हणजे डोंगरी बांबूची छोटी टोपली, नाकं थंडीने लाल झालेली, आणि माझ्या उंबऱ्यावर आधीच फुलं पडलेली. पिवळी प्योलीची, लालभडक बुरांसची पाकळी-दोन पाकळ्या, आणि सगळ्यात जास्त गुलाबी फुलं आडूची, म्हणजे पीचची. पोरं एका सुरात गाणं म्हणत होती, त्याचा अर्थ साधारण असा की हा उंबरा शुभ असो, घरातली धान्याची कोठी भरलेली असो, या उंबऱ्याला पुन्हा पुन्हा नमस्कार. मी आत जाऊन तांदूळ, गुळाचे खडे आणि दहा-दहाची नाणी आणली, प्रत्येकाच्या टोपलीत घातली आणि पोरं पळाली पुढच्या घरी.

हा उत्तराखंडातल्या कुमाऊंचा फूलदेई सण, साधारण १४-१५ मार्चला येतो. मी इथे नैनिताल जिल्ह्यात रामगडला सहा वर्षं राहतीये, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो आणि मग मन लागलं. मी मूळची निफाडकडची, द्राक्षवाल्या घरातली, त्यामुळे झाडाला मोसमाच्या हिशोबाने बघायची सवय लहानपणापासूनची आहे. पण फळाच्या झाडाचं फूल, जे पुढे जाऊन पैसा होणार आहे, ते सण म्हणून तोडून दुसऱ्याच्या दारात टाकायचं, हे पहिल्या वर्षी बघितलं तेव्हा मला फार आत कुठेतरी लागलं. आमच्याकडे द्राक्षाच्या घडाला फुलोऱ्यात हात लावायची आम्हा पोरांची हिंमत नव्हती!

मराठीत आडूला जुना शब्द सप्ताळू असा आहे, फारसी शफ्तालू वरून आलेला, जर्दाळू आणि आलुबुखारचा भाऊबंद, त्या सगळ्यात तोच आलू आहे. जर्द म्हणजे पिवळा म्हणून जर्दाळू. पण आता आपल्या बाजारात सप्ताळू म्हणून मागितलं तर कुणाला कळणार नाही, सगळे पीचच म्हणतात. मी या पोस्टमध्ये आडूच लिहिणार कारण माझ्या डोक्यात आता तेच नाव आहे.

आमच्या भाड्याच्या घरामागे घरमालकांची अकरा आडूची झाडं आहेत. शेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या आमा (आमा म्हणजे इथे आजी, सगळ्यांचीच) आणि त्यांचा मुलगा, त्यांना मी दाज्यू म्हणते म्हणजे दादा, ते दोघं ही झाडं बघतात आणि आता त्यांच्याबरोबर मीही. तर हे जे काही मला कळलंय ते निम्मं त्या दोघांकडून आणि निम्मं रात्री वाचत बसून, कारण एकदा हे झाड मनात शिरलं की त्याचा माग काढत माणूस थेट चीनपर्यंत जातो.

हो, चीनच. याचं शास्त्रीय नाव प्रूनस पर्सिका, म्हणजे 'इराणचं', कारण युरोपला हे फळ इराणमार्गे मिळालं आणि त्यांना वाटलं तिथलंच आहे. पण झाड चीनचं. युनान प्रांतात कुनमिंगला रस्त्याच्या कामात डोंगर कापला तेव्हा आडूच्या आठ कोयी सापडल्या, सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीच्या, त्यावरचा शोधनिबंध २०१५ साली आला. आणि त्या कोयी आजच्या आडूच्या कोयीसारख्याच दिसतात, तशाच खोल सुरकुत्यांच्या. म्हणजे आपली मानवजात जन्माला यायच्या कितीतरी आधी हे फळ झाडावर पिकून खाली पडत होतं. हे वाचलं त्या रात्री मी मागे जाऊन पालापाचोळ्यातून एक जुनी कोय उचलून आणली आणि टेबलावर ठेवली, अजून आहे ती माझ्यासमोर.

मग भारतात कसं आलं? याचं उत्तर मला ज्या ठिकाणी मिळालं ते वाचून मी खूप वेळ गप्प बसले होते. ह्युएन त्संग, सातव्या शतकात भारतभर फिरलेला तो चिनी भिक्षू, त्याने लिहून ठेवलंय की कनिष्काच्या काळात चीनकडच्या एका राज्यातून ओलीस म्हणून आणलेल्या लोकांना हिवाळ्यात आजच्या पंजाबातल्या एका प्रदेशात ठेवत, त्यावरून त्या भागाला चीनपती नाव पडलं, आणि त्याआधी हिंदुस्थानात आडू आणि नाशपाती नव्हते, ते या ओलिसांनी लावले. म्हणून आडूला 'चीनानी' म्हणत आणि नाशपातीला 'चीनराजपुत्र'. त्याच्या काळातसुद्धा ही गोष्ट शे-पाचशे वर्षं जुनी होती, तेव्हा शब्दशः कितपत धरायची ते इतिहासवाल्यांनी ठरवावं, पण माझ्यासाठी यातला माणूस खरा आहे. घरापासून हजारो मैल, परत कधी जाणार माहीत नाही, आणि तिथे त्याने काय केलं तर आपल्या गावचं झाड लावलं. मी निफाडहून येताना बॅगेत कढीपत्त्याचं रोप आणलं होतं, ते इथल्या पहिल्याच थंडीत गेलं. त्यामुळे त्या अनोळखी ओलिसाचं मन मला समजतं असं वाटतं.

आणि हाच ह्युएन त्संग पुढे आपल्याकडेही आला होता बरं का, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात. उपकार करणाऱ्याला न विसरणारे आणि अपमान करणाऱ्याला न सोडणारे लोक असं त्याने आपलं वर्णन केलंय, शाळेत वाचलं असेल तुम्हीही. गंमत पुढे आहे, याच भिक्षूच्या प्रवासावर सोळाव्या शतकात चीनमध्ये जी प्रचंड कादंबरी झाली, त्यात त्याचा शिष्य असलेला माकडराजा भिक्षूला भेटायच्या कितीतरी आधी स्वर्गात आडूच्या बागेचा राखणदार असतो. पश्चिमेच्या राणीमातेची बाग ती. काही झाडं ३००० वर्षांनी पिकतात, काही ६००० आणि काही ९००० वर्षांनी, खाईल तो अमर. आणि माकडाला राखणीला ठेवल्यावर काय होणार, तो ती सगळी पिकलेली फळं खाऊन टाकतो. आमच्या अकरा झाडांवर दर जूनला लंगूर येतात आणि आमा डबा वाजवत बाहेर पळतात तेव्हा मला दर वेळी ती गोष्ट आठवते, मी आमांना सांगितली तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही हेच हाल आहेत."

अमरत्वाचं फळ म्हणून चीनमध्ये आजही म्हाताऱ्या माणसांच्या वाढदिवसाला आडूच्या आकाराचे वाफवलेले बन करतात, वरून गुलाबी रंग फिरवलेला, आत गोड सारण. आपल्या मोदकाची जवळची बहीण म्हणा. चीनच्या सगळ्यात जुन्या काव्यसंग्रहात सासरी निघालेल्या नवरीला फुललेल्या आडूची उपमा आहे. पण मला सगळ्यात जवळची वाटली ती दाराची गोष्ट. तिकडे अशी श्रद्धा होती की एका अवाढव्य आडूच्या झाडाखाली दोन द्वारपाल उभे असतात आणि वाईट भुतं पकडून बांधून ठेवतात. म्हणून लोक नव्या वर्षाला आडूच्या लाकडाच्या दोन पट्ट्यांवर त्या द्वारपालांची नावं किंवा चित्रं काढून दाराच्या दोन्ही बाजूंना लावायचे. हळूहळू त्या पट्ट्यांवर शुभेच्छांच्या ओळी आल्या, मग लाकडाच्या जागी लाल कागद आला, आणि आज चिनी नव्या वर्षाला प्रत्येक दारावर जे लाल कागदाचे उभे पट्टे दिसतात ना, ते मूळचे आडूचं लाकूड आहेत. जपानच्या ७१२ सालच्या ग्रंथातही इझानागी देव पाताळातून पळून येताना मागे लागलेल्या सैन्यावर तीन आडू फेकतो आणि ते मागे फिरतं, तेही अगदी पाताळाच्या सीमेवर, म्हणजे परत उंबराच.

आणि इथे हिमालयात पोरं फुलं टाकतात ती कुठे, देवळात नाही, अंगणात नाही, उंबऱ्यावर. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं मी म्हणत नाहीये, तसा माग लागणं अवघड आहे आणि फूलदेईत फुलं फक्त आडूची नसतातच. पण हिवाळा संपताना पानांच्याही आधी, नुसत्या काळ्या काडीवर जे झाड गुलाबी होतं ते माणसाला आपल्या दारात असावंसं वाटलं, तिथेही आणि इथेही, हे मला फार खरं वाटतं. आपण आंब्याचं तोरण लावतो आणि दाराच्या खालच्या लाकडाला उंबरा म्हणतो, ते तर झाडाचंच नाव आहे. इथे देळी म्हणतात, सणाच्या आदल्या दिवशी ती गेरूने सारवून त्यावर तांदळाच्या पिठाने ऐपण काढतात, अगदी आपली रांगोळी पण बोटांनी काढलेली. मी पण काढते आता. आमांचं बोट एका दमात सरळ रेघ ओढतं, माझी रेघ अजून मध्ये तुटते.

आता झाडाबद्दल. चिनी कथांत ज्याचं फळ माणसाला अमर करतं ते आडूचं झाड प्रत्यक्षात फार कमी जगतं. पंधरा, फार तर वीस वर्षं चांगलं फळ देतं आणि मग थकतं. आमचा घरचा आंबा पणजोबांनी लावलेला आहे, त्याच्यापुढे हे म्हणजे काहीच नाही. आणि त्या पंधरा वर्षांतही दर वर्षी कात्री मागतं, कारण आडू फक्त मागच्या वर्षीच्या काडीवर फळतो, एकदा फळलेली काडी परत फळ देत नाही. नवी काडी निघाली नाही तर झाड उंच उंच जातं, खालून उघडं पडतं आणि फळ शेंड्याला. त्यामुळे जानेवारीत झाड झोपलेलं असताना निम्म्याच्या वर काड्या कापायच्या, आणि मधला भाग मोकळा ठेवायचा, परडीसारखा, म्हणजे ऊन आत उतरतं.

पहिल्या वर्षी छाटणी बघितली आणि मी निफाडला फोन लावला, वडिलांना, नानांना म्हटलं इथे पण छाटणी आहे! नाना एकदम खुशीत. आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, त्यांचं अख्खं आयुष्य त्यातच गेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काडी केवढी जाड ठेवतात गं?" मी दाज्यूंना विचारलं तर ते म्हणाले पेन्सिलीएवढी. नाना म्हणाले, "मग बरोबर आहे, माणसं जाणकार आहेत." दोघं एकमेकांना कधी भेटलेले नाहीत पण तेव्हापासून दर जानेवारीला नाना दाज्यूंना माझ्या फोनवरून नमस्कार सांगतात.

थंडीचा हिशोब पण दोघांना सारखाच कळतो, जरी उलट्या बाजूने. द्राक्षाला आमच्याकडे थंडी जास्त पडली तर मणी तडकायची भीती. आडूला थंडी हवीच. साधारण ७ अंशांच्या खाली किती तास गेले ते झाड मोजत असतं म्हणा ना, जुन्या जातींना ६०० ते ९०० तास लागतात, तेवढे भरले नाहीत तर कळी नीट उघडतच नाही. पंजाबात आता शान-ए-पंजाब, फ्लोर्डा प्रिन्स अशा कमी थंडीवर येणाऱ्या जाती लावतात, त्यांचं फळ एप्रिल-मेमध्येच येतं, आणि हिमाचलात सिरमौर जिल्ह्यातलं राजगड तर आडूसाठीच ओळखलं जातं, तिथे ज्युलाय एल्बर्टा वगैरे जाती. चीनपतीच्या ओलिसांनी लावलेलं झाड दोन हजार वर्षांनी परत पंजाबातच नव्याने बसतंय याचा मला आनंद होतो. पण इथे रामगडला, १८०० मीटरच्या आसपास, गेल्या काही हिवाळ्यांत बर्फ कमी पडला की दाज्यूंचा चेहरा उतरलेला मी बघितलाय. एका झाडाची एक फांदी फुललेली आणि दुसरी तशीच काळी, असं फुलणं मी दोन वर्षं बघितलं आणि ते बघवत नाही.

दुसरी गोष्ट विरळणी. हे मला माझ्या चुकीतून कळलं आणि ते सांगितलंच पाहिजे. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये दाज्यू झाडावरची सुपारीएवढी हिरवी फळं तोडून खाली टाकायला लागले, चारात तीन, आणि मला ते बघून कसंतरी झालं. आमच्याकडेही घडातले मणी विरळ करतात, मला समजायला हवं होतं, पण हे अख्खं फळ आहे ना, लव आलेलं, मुठीत धरलं तर उबदार वाटेल असं. मी कोपऱ्यातल्या एका झाडाला हात लावू नका म्हणाले. ते काही बोलले नाहीत. जूनमध्ये एका रात्री पाऊस झाला, भिजून फळं आणखी जड झाली आणि दोनच्या सुमारास मागून असा आवाज आला की आम्ही दोघं उठून बसलो. सकाळी बघितलं तर ती मोठी फांदी खोडापासून फाटून खाली आली होती, आतलं पांढरं लाकूड उघडं, त्यातून दोन दिवसांनी डिंकाचे मधासारखे थेंब येऊन घट्ट झाले. त्यावरची फळं पण लिंबाएवढीच, नुसती कोय आणि साल. दाज्यूंनी तेव्हा सांगितलं की एका आडूला गोड व्हायला तीस-चाळीस पानं लागतात, पानं तेवढीच असताना फळं चौपट ठेवली तर सगळीच उपाशी राहतात. दोन फळांत वीतभर अंतर. आमांनी जखमेला शेण-माती लावली, पण ते झाड त्या बाजूने परत भरलं नाही.

तोडणीच्या दिवसात घरातल्या सगळ्यांच्या मानेला खाज सुटलेली असते कारण आडूची लव उडते, घामाला चिकटते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनही आत जाते. (नेक्टरीन म्हणून जे गुळगुळीत महाग फळ मिळतं ते वेगळं झाड नाही, आडूच आहे, एका जनुकाच्या फरकाने लव नसलेला.) सकाळी ऊन यायच्या आत तोडायचं, देठाकडे हिरवा रंग जाऊन पिवळसर झाला की, दाबून बघायचं नाही कारण बोटाचा डाग दुसऱ्या दिवशी काळा पडतो. मग पेटीत खाली पिरूल म्हणजे चीडच्या (पाइनच्या) झाडाच्या वाळलेल्या सुया अंथरायच्या, वर फळांचे थर, आणि दुपारी गाडी हल्द्वानीच्या मंडीला. पिरूलचा तो वास आणि आडूचा वास मिळून जो काही वास होतो तो मला शब्दात सांगता येत नाही. कच्च्या फळाच्या फोडी करून त्याला पाट्यावर वाटलेलं हिरव्या मिरचीचं मीठ लावतात, ते दुपारी उन्हात बसून सगळ्या बायका मिळून खाणं, हे इथलं माझं सगळ्यात आवडतं सुख आहे.

फायदे विचाराल तर आडू काही औषधाची गोळी नाही, जवळजवळ नव्वद टक्के पाणी आहे, १०० ग्रॅममागे चाळीसच्या आसपास कॅलरी, थोडं क जीवनसत्त्व, तंतू. माझ्या मते उन्हाळ्यात घामेजून आल्यावर यापेक्षा चांगलं फळ नाही आणि साल काढू नका, धुऊन कपड्याने लव पुसून सालीसकटच खा. इथे जनावराच्या जखमेत किडे पडले तर आडूचा पाला ठेचून बांधतात, दाज्यूंच्या गाईला बांधलेला मी बघितलाय. पण एक नीट ऐका, कोय फोडून आतला बदामासारखा दिसणारा मगज खाऊ नका आणि मुलांना तर अजिबात देऊ नका, त्यात अमिग्डॅलिन असतं, पोटात गेल्यावर त्याचं सायनाइड होतं. इथली मुलं कोयीने खेळतात, त्यांना आया पहिल्यांदा हेच शिकवतात.

यंदा फूलदेईच्या चार दिवस आधी नाना आले होते, पहिल्यांदाच. झाडं पूर्ण फुलली होती, एक पान नाही. ते मागे गेले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले, मग काडी हातात धरून तिच्यावरचे डोळे म्हणजे कळ्या मोजायला लागले, तीन डोळ्यांत दोन फुलाचे आणि मधला पानाचा, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं आणि मला बोलावून दाखवलं. सणाच्या सकाळी त्यांनी स्वतः पोरांच्या टोपलीत गूळ घातला. मग उंबऱ्यावर वाकून आडूची पाच-सहा फुलं उचलून रुमालात ठेवली, आईला दाखवायला म्हणाले, सुकली तरी चालतील.

आज फोन आला होता त्यांचा, तिकडे खरड छाटणी सुरू झाली. इथे फळं सुपारीएवढी झालीयेत, दुपारपासून पश्चिमेकडे ढग आहेत आणि आमा सारख्या बाहेर येऊन बघतायत, एप्रिलची गार म्हणजे काय हे त्यांना आणि मला वेगळं सांगायला नको. गार नाही पडली तर उद्या सकाळी विरळणीला सुरुवात करतोय, कोपऱ्यातल्या झाडापासून.